एअर रायफलची पॉवर २० जूलच्या आत आहे का, घरच्या घरी कसं तपासायचं: सोलापुरात मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जुळे सोलापूर असो नाहीतर बाळे, कुणीतरी नवीन एअर रायफल घेतली की आठवड्याभरात मला फोन येतोच, "दादा, ही चालतीय ना? काय लफडं नाही ना होणार?" प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतो. मी वकील नाही, नेमबाज आहे, पण गेली बरीच वर्षं माझ्या आणि मित्रांच्या रायफली क्रोनोवर, म्हणजे छर्र्याचा वेग मोजायच्या यंत्रावर, मोजायलोय आणि वही लिहितोय, त्या अनुभवातून हे लिहिलंय.

एअर रायफलला लायसन्स लागतं का, एका वाक्यात सांगा.

बोअर म्हणजे नळीचं आतलं भोक पॉइंट १७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटर असेल आणि नळीच्या तोंडाशी छर्र्याची ऊर्जा २० जूलच्या आत असेल तर लागत नाही. दोन्ही अटी एकत्र पाळायच्यात, एक पाळली म्हणजे झालं असं नाही. हे २०१६ च्या आर्म्स रूल्समधे आहे.

पण एअरगन म्हणजे हवेवर चालणारं खेळणंच की ओ, त्याचा आर्म्स ॲक्टशी काय संबंध?

इथंच भले भले फसतात. १९५९ च्या आर्म्स ॲक्टमधे बंदुकीची जी व्याख्या आहे त्यात स्फोटकाच्या "किंवा इतर कुठल्याही ऊर्जेच्या" जोरावर गोळी फेकणारं हत्यार असं म्हटलंय, म्हणजे दाबलेली हवा, स्प्रिंग, गॅस सगळं आलं त्यात. एअर रायफल कायद्याच्या बाहेर नाहीच, आतच आहे, फक्त २० जूल आणि ४.५ मिलिमीटरच्या आतल्या रायफलीला लायसन्समधून सूट दिलीय. मर्यादा ओलांडली की सूट संपली, आणि मग तुमच्याकडे बिनपरवाना बंदूक आहे असा त्याचा अर्थ होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना बंदूक बाळगण्याला कमीत कमी २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद आणि वर दंड आहे. पोराने हौसेनं घेतलेल्या रायफलीपायी घरच्यांवर ही वेळ कशाला आणायची, म्हणून मी एवढा जीव तोडून सांगतोय.

२० जूल म्हणजे नेमकं किती? काही ठिकाणी १५ फूट-पाउंड लिहिलेलं असतं.

नियमात दोन्ही आकडे आहेत, २० जूल किंवा १५ फूट-पाउंड. पण हिशोब केला तर १५ फूट-पाउंड म्हणजे २०.३ जूल होतात, जरा फरक पडतो. माझं सरळ म्हणणं आहे की लहान आकडा धरा, २० जूल. त्या पाव-अर्ध्या जूलसाठी वाद घालत बसण्यात काही अर्थ नाही.

हिशोब शाळेत शिकलेलाच आहे, नववीच्या विज्ञानातली गतिज ऊर्जा. छर्र्याचं वजन ग्रॅममधे घ्या, वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, वेगाचा वर्ग करा, वजनाने गुणा आणि २००० ने भागा, जूल मिळतात. उदाहरण, ०.५३ ग्रॅमचा छर्रा २३० मीटर प्रति सेकंदाने निघाला तर २३० गुणिले २३० म्हणजे ५२,९००, त्याला ०.५३ ने गुणलं, २००० ने भागलं, १४ जूल. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदाचं काम आहे.

उलटं हवं असेल तर हे लक्षात ठेवा: ०.४५ ग्रॅमचा छर्रा २९८ मीटर प्रति सेकंदाला २० जूल गाठतो, ०.५३ ग्रॅमचा २७४ च्या पुढे गेला की गाठतो आणि ०.६७ ग्रॅमचा जड छर्रा २४४ लाच गाठतो. म्हणजे "माझ्या रायफलीचा वेग कमी आहे" एवढ्यावर निवांत बसू नका, छर्रा कुठला आहे ते आधी सांगा.

बॉक्सवर १००० एफपीएस लिहिलंय. मग ती बेकायदा झाली का?

बॉक्सवरचा आकडा विसरा हो. हजार फूट प्रति सेकंद म्हणजे ३०५ मीटर प्रति सेकंद धरा. आता कंपनीने हा वेग कुठल्या छर्र्यावर काढला? बऱ्याचदा शिशाचा नाही तर हलक्या मिश्रधातूचा पाच ग्रेनचा छर्रा टाकून काढलेला असतो, म्हणजे ०.३२ ग्रॅम. त्याची ऊर्जा येते १५ जूल, एकदम आत. पण खरोखरच ०.५३ ग्रॅमचा शिशाचा छर्रा त्याच वेगाने निघत असेल तर ती होते साडेचोवीसच्या वर, म्हणजे मर्यादेच्या चांगलीच बाहेर. एकच आकडा, एक कायदेशीर आणि एक बेकायदा. विकणाऱ्याला एफपीएसचा मोठा आकडा दाखवायचा असतो कारण पोरं त्यालाच भुलतात, कायदा मात्र वेग मोजत नाही, ऊर्जा मोजतो.

पॉइंट २२ ची एअर रायफल मिळायली स्वस्तात, पॉवर १२ जूलच आहे म्हणतोय विकणारा. घेऊ का?

नको. ५.५ मिलिमीटरला पॉवर कितीही कमी असली तरी लायसन्स लागतं. लायसन्स काढायची तयारी असेल तर शहरात पोलीस आयुक्तालयात आणि ग्रामीणमधे जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा आणि मगच रायफल हातात घ्या. "आधी घेऊ, मग बघू" हे इथं चालत नाही.

क्रोनोग्राफ म्हणजे काय आणि तो नीट कसा वापरायचा?

वेग मोजायचं यंत्र, सगळे क्रोनोच म्हणतात. साध्या क्रोनोमधे ठराविक अंतरावर दोन सेन्सर असतात, छर्रा पहिल्यावरून गेला की घड्याळ सुरू, दुसऱ्यावरून गेला की बंद, त्यावरून वेग. काही क्रोनो नळीच्या तोंडालाच लावायचे असतात, काही रडारवर चालतात आणि बाजूला ठेवले तरी चालतं, ते महाग. सोलापुरात दोन-चार मित्रांनी मिळून एक घेतला तरी पुरतो, रोज थोडाच लागतो.

मी कसं करतो ते सांगतो. आधी छर्रा अडवायची सोय. चाळीस अंशाच्या कोनात खाली झुकवलेला जाड लोखंडी पत्रा, त्याच्यापुढे वाळूचं खोकं, आणि सगळ्यांच्या पुढे जुन्या फाटक्या सोलापुरी चादरी दोन-तीन थरांत सैल लटकवायच्या, ताणून बांधायच्या नाहीत. सैल चादर उलटा उडालेला तुकडा पकडते, वर्षानुवर्षं वापरलेली आमच्या घरातली निळी-लाल वाघाची चादर आता तिथंच लटकतेय, तिला अजून आरपार भोक नाही. डोळ्याला गॉगल, आणि मागे कुणी उभं राहिलेलं चालेल पण बाजूला किंवा पुढे नाही.

मग क्रोनो नळीच्या तोंडापासून साधारण एक मीटरवर. अगदी चिकटवून ठेवला तर नळीतून बाहेर पडणाऱ्या हवेच्या झोतानेच सेन्सर दचकतो आणि खोटा आकडा येतो, विशेषतः पीसीपीला, म्हणजे टाकीत आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीला. एका मीटरला छर्र्याचा वेग एक-दोन मीटर प्रति सेकंदाने कमी होतो, तेवढं मनात धरा. ट्यूबलाइटखाली मोजू नका, आपली वीज ५० हर्ट्झची, जुन्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि उजेडावर चालणारा क्रोनो त्याने वेडावाकडा आकडा देतो. सकाळच्या सावलीत मोजा किंवा साधा पिवळा बल्ब लावा.

दहा शॉट मारा, दहाही आकडे लिहा. माझ्या स्प्रिंगवाल्या रायफलीचे मागच्या वेळचे आकडे असे होते, छर्रा ०.५३ ग्रॅम: २३१, २२९, २३२, २२८, २३०, २३१, २२७, २३०, २२९, २३३. सरासरी बरोबर २३०, म्हणजे १४ जूल. सगळ्यात वेगवान २३३, म्हणजे १४.४ जूल. सरासरी बघून थांबू नका, सगळ्यात मोठा आकडा बघा, कारण मर्यादा तुमच्या प्रत्येक शॉटला आहे, सरासरीला नाही. आणि जास्तीत जास्त आणि कमीत कमी यात फक्त ६ चा फरक म्हणजे रायफलची तब्येत ठणठणीत आहे. हाच फरक ३०-४० चा आला तर सील गेलंय, स्प्रिंग गेलीय किंवा आत तेल आहे.

आत तेल असलं तर काय होतं?

हा प्रश्न कुणी स्वतःहून विचारत नाही, पण मला हा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

स्प्रिंगच्या रायफलीत चाप ओढला की पिस्टन जोरात पुढे जातो आणि त्याच्यापुढची हवा क्षणात इतकी दाबली जाते की ती प्रचंड तापते. तिथं तेल असलं की ते पेटतं, डिझेल इंजिनात होतं अगदी तसं, म्हणून त्याला डिझेलिंगच म्हणतात. छर्र्याला हवेबरोबर त्या भडक्याचाही धक्का मिळतो. नळीतून धूर निघतो, आवाज टाळीसारखा न येता फटाक्यासारखा येतो, जळक्या तेलाचा वास येतो.

माझी रायफल मी एकदा सर्व्हिसिंगला दिली होती, दुकानाचं नाव घेत नाही. परत आली ती तेलात बुडवल्यासारखी, दस्त्यालासुद्धा हात चिकटत होता. घरी येऊन क्रोनोवर धरली तर पहिला शॉट २९१, दुसरा २८३, तिसरा २६८. पहिल्याची ऊर्जा २२.४ जूल, दुसऱ्याची २१.२! माझी १४ जूलची रायफल त्या दिवशी कायद्याच्या बाहेर होती आणि क्रोनो नसता तर मला कधीच कळलं नसतं, उलट "वा, काय पॉवर वाढलीय" म्हणून खूश झालो असतो. आणि पॉवर वाढते हेही काही चांगलं नाही, या भडक्याने पिस्टनचं सील जळतं आणि स्प्रिंग तुटते. मी ती उघडून आतलं तेल पुसून घेतलं, परत जोडल्यावर ६०-७० शॉटनंतर ती २३० वर येऊन बसली.

म्हणून, नळीतून किंवा हवेच्या भोकातून तेल सोडू नका, शिलाई मशीनचं तेल तर अजिबात नको. नवीन रायफलीत कारखान्यातलं ग्रीस असतंच, त्यामुळे पहिले शे-दोनशे शॉट ती थोडीफार धुमसते. पहिल्या दिवशीचा आकडा खरा धरू नका, तिला बसू द्या आणि मग मोजा. पण पहिल्या दिवशी २० च्या वर दिसत असेल तर त्या काळात ती घराबाहेर काढू नका.

छर्र्याचं वजन डब्यावर लिहिलेलं असतं, तेच धरायचं ना?

चांगल्या छर्र्याचं बरोबर असतं, स्वस्तातल्या छर्र्याचं भरोशाचं नसतं. एक छर्रा मोजायला जाऊ नका, काटा चुकतो. ५० छर्रे एकदम मोजा आणि ५० ने भागा. किराणाचा काटा उपयोगाचा नाही, तुमच्या ओळखीच्या सराफाकडे जा, त्याचा काटा दोन दशांशापर्यंत दाखवतो. मी एकदा डबा घेऊन गेलो तर सराफ आधी चकित झाला, मग मजेनं मोजून दिलं, ५० छर्रे २६.६ ग्रॅम, म्हणजे एक ०.५३२. डब्यावर ०.५३ होतं. बरोबर निघालं की मनाला बरं वाटतं.

जड छर्रा टाकला तर पॉवर वाढते की कमी होते?

रायफल कुठली त्यावर. स्प्रिंगवाल्या रायफलीत बहुतेक वेळा हलक्या आणि मध्यम छर्र्याला जास्त ऊर्जा मिळते, जड छर्रा नळीत रेंगाळतो आणि पिस्टनचा जोर वाया जातो. पीसीपीत उलटं, जड छर्रा नळीत जास्त वेळ राहतो, मागून हवा ढकलतच असते, ऊर्जा वाढते. त्यामुळे स्प्रिंगला हलक्या छर्र्यावर आणि पीसीपीला जड छर्र्यावर नक्की तपासा. खरं तर तुम्ही जे जे छर्रे वापरता त्या सगळ्यांवर तपासा. "हलक्या छर्र्यावर १८ जूल आली, झालं" म्हणणाऱ्या माणसाच्या पीसीपीत जड छर्रा टाकला की ती २० च्या वर जाऊ शकते, आणि रायफल तीच, मालक तोच.

पीसीपीचं अजून काही वेगळं असतं का?

असतं. रेग्युलेटर म्हणजे दाब एकसारखा ठेवणारा भाग नसलेल्या पीसीपीत २०० बार हवा भरली की सुरुवातीला वेग कमी असतो, कारण आतला दाब इतका जास्त असतो की हवा सोडणारा व्हॉल्व्ह आतल्या हातोडीला पूर्ण उघडताच येत नाही. दाब उतरत गेला की वेग वाढतो, मधे कुठंतरी शिखर गाठतो आणि मग घसरतो. समजा ०.६७ ग्रॅमचा छर्रा आहे, पूर्ण भरल्यावर २२५ दाखवतोय म्हणजे १७ जूल, तुम्ही पाच शॉट मारले आणि खूश होऊन क्रोनो पिशवीत टाकला. पण १५०-१६० बारला तोच २४५ झाला तर २०.१ जूल, गेली बाहेर. म्हणून पूर्ण भरल्यापासून ते पार उतरेपर्यंत प्रत्येक शॉट लिहा, चाळीस तर चाळीस. कंटाळवाणं काम आहे, एकाने मारावं आणि एकाने लिहावं.

हातोडीचा स्क्रू फिरवून पॉवर कमी-जास्त होणाऱ्या पीसीपीबद्दल माझं मत स्पष्ट आहे, तो स्क्रू पूर्ण आवळल्यावरही २० च्या आत राहत असेल तरच ती ठेवा.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा काही फरक पडतो का?

पडतो की! एप्रिल-मेमधे आपल्याकडे ४२-४३ अंश नेहमीचं, आणि पत्र्याच्या खोलीत नाहीतर गाडीच्या डिकीत ठेवलेली रायफल त्याहून तापते. सगळ्यात जास्त फरक सीओटू नळकांड्यावर चालणाऱ्या गनला, त्यातला दाब सरळ तापमानावर अवलंबून असतो, थंडीतली मवाळ गन मे महिन्यात वेगळीच होते. गॅस रॅमला, म्हणजे स्प्रिंगच्या जागी बंद वायू असलेल्या रायफलीला, पण फरक पडतो, २० अंशावरून ४२ अंशावर गेलं की आतल्या वायूचा दाब साधारण सात-साडेसात टक्क्यांनी वाढतो. स्प्रिंगला कमी, पण ग्रीस पातळ होऊन पुढे सरकतं आणि मग वर सांगितलेली डिझेलिंगची भानगड.

म्हणून मी वर्षातून दोनदा मोजतो, एकदा गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या आसपास जानेवारीत आणि एकदा मेच्या पहिल्या आठवड्यात, आणि मेचा आकडा खरा धरतो.

क्रोनो नाही आणि घ्यायलाही परवडत नाही. मोबाईलवर होतं का?

अंदाज येतो. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून शॉटचा आवाज आणि छर्रा पत्र्यावर आदळल्याचा आवाज यातलं अंतर मोजायचं. इथं एक युक्ती आहे. आवाजाला पण मोबाईलपर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून मोबाईल बरोबर मधोमध ठेवा, १० मीटरला मारत असाल तर ५ मीटरवर, बाजूला आडोशाला. दोन्ही आवाजांना सारखाच वेळ लागतो आणि तो वजा होऊन जातो. समजा ०.०४८ सेकंद आलं तर १० भागिले ०.०४८, म्हणजे २०८ मीटर प्रति सेकंद.

पण सावध, हा १० मीटरमधला सरासरी वेग आहे, नळीच्या तोंडाशी तो २१५ च्या आसपास असणार, आणि कायदा नळीच्या तोंडाचाच धरतो. म्हणजे मोबाईल नेहमी कमीच दाखवणार, आणि आपल्याला नेमकी तीच चूक परवडणारी नाही. मोबाईलवर १२ जूल आली तर निवांत राहा, १७ आली तर क्रोनो शोधा.

झोपाळ्यासारखा डबा लटकवून मोजतात म्हणे, ते काय?

बॅलिस्टिक पेंडुलम. बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज माणसाने १७४२ मधे हे मांडलं, क्रोनोच्या कितीतरी आधी, आणि अजूनही घरी करता येतं. मला याचं फार कौतुक आहे, कॉलेजच्या पोरांनी एकदा तरी करून बघावं.

पत्र्याच्या डब्यात पोरांच्या खेळण्यातली मळलेली माती घट्ट भरायची, एकूण ३०० ग्रॅम, चार दोऱ्यांनी लटकवायचा म्हणजे फिरणार नाही, दोरी १ मीटर. जवळून छर्रा मधोमध मारायचा, तो मातीत रुतून बसतो आणि डबा मागे झुलतो. किती मागे गेला ते मोजायचं, मागे कागदाची हलकी पट्टी ठेवली की डबा ती ढकलत नेतो आणि तिथंच सोडतो. समजा ११ सेंटिमीटर गेला. १ मीटर दोरीला डब्याचा वेग म्हणजे ०.११ गुणिले ३.१३, आणि त्याला एकूण वजन भागिले छर्र्याचं वजन, म्हणजे ५६७ ने गुणायचं. उत्तर १९५ मीटर प्रति सेकंद, १० जूल.

आता हेच १२ सेंटिमीटर वाचलं गेलं तर १२ जूल येतात. एका सेंटिमीटरला दोन जूल! त्यामुळे शिकायला उत्तम, सीमेवरच्या रायफलीचा निवाडा करायला नाही. प्रत्येक शॉटनंतर माती नीट दाबा आणि छर्रा आधीच्या छर्र्यावर बसू देऊ नका, तो उडून येतो.

लाकडाच्या फळीतून आरपार गेला नाही तर कायदेशीर, असं एक काका म्हणत होते.

काका जुन्या नियमाचं सांगत होते, तेव्हा फळीवर मारून बघायची टेस्ट होती. आता जूल आणि बोअर चालतं. शिवाय आंब्याची फळी वेगळी, सागाची वेगळी, ओली वेगळी, त्यावर आता काही ठरवू नका.

१९.५ जूल आली. चालेल ना?

कागदावर चालेल, मला चालणार नाही. वेगात एक टक्का चूक झाली की ऊर्जेत दोन टक्के चूक होते, १९.५ ला दोन टक्के म्हणजे जवळजवळ ०.४, म्हणजे खरा आकडा १९.९ असू शकतो. त्यात मे महिना आणि जड छर्रा धरा. १८ च्या खाली राहा, १० मीटरवर किंवा २५ मीटरवर कागद फोडायला १० जूलसुद्धा भरपूर आहेत.

स्पर्धेतल्या रायफलीची पॉवर किती असते मग?

ऐकून आश्चर्य वाटेल, साडेसात जूलच्या आसपास. १० मीटर एअर रायफलमधे ०.५३ ग्रॅमचा छर्रा १७० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास जातो. याच प्रकारात अभिनव बिंद्राने २००८ ला बीजिंगमधे सुवर्ण जिंकलं, याच प्रकारात आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ ला कैरोत जगज्जेता झाला. त्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पॉवरच्या मागे लागलेल्या पोरांना मी हे नेहमी सांगतो आणि रायफल हातात देऊन म्हणतो, आधी दहात बसव बे.

एक मेकॅनिक म्हणतोय जाड स्प्रिंग टाकून पॉवर वाढवून देतो.

हात जोडून सांगतो, देऊ नका. वाढवल्यावर ती किती झाली हे तो मोजून देणार नाही आणि पकडली गेली तर तो कोर्टात तुमच्याशेजारी उभा राहणार नाही. आणि जाड स्प्रिंगने धक्का वाढतो, नेम बिघडतो, स्कोपसुद्धा हलतो.

मोजल्यावर २० च्या वर आली तर?

आधी तेल बघा, दुसरा छर्रा बघा, परत मोजा. तरीही वर असेल तर वापरणं बंद करा, बिल घेऊन जिथून घेतली तिथं जा, कंपनीची मूळ स्प्रिंग बसवून घ्या आणि परत मोजा. गुपचूप दुसऱ्याला विकून टाकायचा विचार मनात आणू नका, तुम्ही तुमचं संकट दुसऱ्याच्या घरात ठेवताय.

सायलेन्सर लावला तर शेजाऱ्यांना त्रास होणार नाही…

नाही. आवाज कमी करणारं ॲक्सेसरी आर्म्स ॲक्टच्या बंदुकीच्या व्याख्येतच धरलंय. शेजाऱ्यांचा त्रास वाचवायचा तर दुपारी झोपायच्या वेळी मारू नका आणि पत्र्यामागे जुनी गादी लावा.

यूट्यूबवर इंग्लंडचा माणूस १२ फूट-पाउंड म्हणतो, जर्मनीचा ७.५ जूल. आपल्याला कुठलं?

त्यांचं त्यांना. इंग्लंडची रायफलची मर्यादा १२ फूट-पाउंड म्हणजे १६.३ जूल, जर्मनीत लायसन्सशिवाय साडेसात. मोजायची पद्धत त्यांच्याकडून जरूर शिका, ते फार काटेकोर असतात, आकडा मात्र आपला २० धरा.

२० च्या आत आहे, मग शेतात पाखरं, ससे मारले तर चालेल ना?

अजिबात नाही. जूलचा आणि शिकारीचा काही संबंध नाही, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वेगळा आहे आणि तो १ जूलच्या गनलाही लागू आहे. आपल्या जिल्ह्यात नान्नजला माळढोकचं अभयारण्य आहे, माळावर काळवीट दिसतात, हिप्परग्याच्या तलावावर थंडीत पाहुणे पक्षी येतात. त्या बाजूला रायफल घेऊन फिरूच नका, गाडीत सुद्धा नको. छर्रा हवेत तीनशे-चारशे मीटर जाऊ शकतो हेही लक्षात ठेवा, आकाशाकडे मारलेला छर्रा कुठंतरी पडतोच. डबे मारा, कागद मारा.

गड्ड्यात फुगे फोडायची बंदूक असते, तिला कुणी विचारत नाही.

सिद्धेश्वर यात्रेतला तो स्टॉल, होम मैदानावरचा, आम्हा सगळ्यांची पहिली बंदूक तीच. मला वडिलांनी खांद्यावर दस्ता कसा टेकवायचा ते तिथंच शिकवलं. त्या बंदुकांची स्प्रिंग दिवसभरात शेकडो वेळा ताणून थकलेली असते, कधी कधी छर्रा जाताना डोळ्याला दिसतो, २० जूलच्या ती जवळपासही नसते. पण फुगा फोडणारा छर्रा डोळा पण फोडतो, लेकरांना पुढे वाकू देऊ नका.

पोलिसांनी अडवून विचारलं तर?

नम्रपणे बोला, बिल दाखवा, बोअर आणि पॉवर लिहिलेलं कंपनीचं कागदपत्र दाखवा. घेताना दुकानदार ओळखपत्र आणि वयाचा पुरावा घेतो, त्या सगळ्याची एक प्रत रायफलच्या पिशवीतच ठेवा. रायफल रिकामी, पिशवीत बंद, छर्रे वेगळे. खांद्यावर उघडी घेऊन सात रस्त्यावरून जायचं नाही, लांबून ती खऱ्या रायफलीसारखीच दिसते आणि लोक घाबरतात. सण-उत्सव, निवडणूक अशा काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, हत्यार घेऊन फिरायला बंदी असते, तेव्हा रायफल घरीच राहू द्या.

तुमचा क्रोनोचा आकडा हा काही सरकारी दाखला नाही, वाद झालाच तर रायफल न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाते आणि तिथला आकडा चालतो. पण तुम्ही वेळोवेळी मोजत होता, जपून होता हे वहीवरून दिसतं, आणि मुख्य म्हणजे तुमची तुम्हाला खात्री असते.

वहीत नेमकं काय लिहायचं?

तारीख, तापमान, छर्रा कुठला आणि त्याचं मोजलेलं वजन, क्रोनो नळीपासून किती लांब, दहाही आकडे, सगळ्यात मोठ्या आकड्याचे जूल. पीसीपी असेल तर प्रत्येक पाच शॉटनंतर दाब. स्प्रिंग किंवा सील बदललं की ती तारीख लाल शाईने, आणि त्यानंतर परत मोजल्याशिवाय रायफल बाहेर काढायची नाही. लिहून झालं की आधी साबणाने हात धुवा, छर्रा शिशाचा असतो, तेच हात भाकरी आणि शेंगाचटणीला लावू नका.

तुमच्याकडे आणली तर मोजून द्याल का?

देतो की, पैसे नाहीत. रविवारी सकाळी नऊच्या आत या, नंतर ऊन चढतं. बिल आणा, तुमचे नेहमीचे छर्रे आणा आणि येताना आत तेल सोडून येऊ नका.